रिकामं समजून काढलेलं कोठार

मी एक व्हॉल्यूम ग्रुप बोलतोय. नाव ऐकून पान उलटू नका राजेहो, प्रकार अगदी घरगुती आहे. सर्व्हर नावाचा एक मोठा कॉम्प्युटर असतो, त्यात माहिती साठवायच्या डिस्का असतात. दोन-तीन डिस्का एकत्र बांधून त्यांचं एकच कोठार केलं, की त्या कोठाराला म्हणतात व्हॉल्यूम ग्रुप. कोठारात कप्पे पाडायचे, कप्प्यांत फायली ठेवायच्या. एकेका कप्प्याला म्हणतात फाइलसिस्टीम. झालं, एवढंच.

मी गोड बोलणारा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. चौदा वर्षं लोकांचा माल पोटात सांभाळला आणि एका मे महिन्याच्या दुपारी मला 'रिकामं' ठरवून काढून टाकलं. आत वाकून बघितलंसुद्धा नाही. माझ्या पोटात त्या वेळी पौर्णिमा नावाच्या एका मुलीच्या पणजोबाचं शाळेतलं नाव होतं. ते नाव मिळालं नाही तर तिचा कॉलेजातला प्रवेश रद्द होणार होता. मी तापू नको तर काय करू, तुम्हीच सांगा!

माझा जन्म अकोल्याचा, जठारपेठेतला. खाली झेरॉक्सचं दुकान आणि वर एका शिक्षण संस्थेचं कार्यालय. संस्था स्वातंत्र्याच्या आधीची, तिच्या शाळा अकोला आणि अमरावती या दोन्ही जिल्ह्यांतल्या खेड्यांत. तिथं युनिक्स नावाच्या यंत्रणेच्या घराण्यातला एक सर्व्हर आला, आणि अश्विन नावाच्या पोराने तीन डिस्का बांधून मला उभं केलं. त्यानं माझं नाव ठेवलं 'परीक्षा'. माझ्यात तीन कप्पे पाडले, 'निकाल', 'प्रश्नपत्रिका' आणि 'जुनी परीक्षा'. ती नावं लिहून तो चहा प्यायला गेला. नाव ठेवायला माणसाला किती कमी वेळ लागतो, आणि ते नाव दुसऱ्याला किती वर्षं भोगावं लागतं!

सुरुवातीची वर्षं बरी गेली. मार्च-एप्रिलमध्ये निकालांची धावपळ असायची. मे महिन्यात आणखी गर्दी, कारण अख्ख्या कार्यालयात एसी फक्त माझ्या खोलीत होता. अकोल्याचा मे तुम्हाला माहीत असेल. "सर्व्हरले गरम होते," असं साहेबांना सांगून हा एसी मंजूर करून घेतलेला. मग जो तो आपला डबा घेऊन माझ्या खोलीत जेवायला बसायचा. ठेच्याचा वास, भाकरीचा चुरा, आणि पंख्याच्या जाळीत अडकलेलं कांद्याचं साल. मला पुसायला मात्र कधी कुणाला फडकं सापडलं नाही.

त्या गर्दीतला एकच माणूस माझ्या आवडीचा होता. हेडक्लार्क शेषराव. राहायला मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात, येणार सायकलवर, आणि बोलणं असं की समोरचा गप्पच बसावा.

एकदा शेषराव नांदगाव खंडेश्वरकडच्या शाळांत तपासणीला गेले आणि परत आले ते चिडूनच. तिथल्या शाळांची जुनी दाखल-खारीज रजिस्टरं त्यांनी पाहिली होती. दाखल-खारीज म्हणजे शाळेची मोठी वही. पोरगं शाळेत आलं की त्याचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख तिच्यात चढवायची आणि शाळा सोडली की कारण लिहायचं. त्या वह्यांना वाळवी लागली होती, काहींवर छताचं पाणी गळलं होतं.

"अरे हे रजिस्टर म्हंजे लोकायचं नशीब आहे," शेषराव अश्विनवर ओरडले, जणू वाळवी त्यानेच सोडली होती. "जात पडताळणीले सन पन्नासच्या आधीचा पुरावा मांगते. ज्याच्या आज्याजवळ ना वावर ना सातबारा, त्यानं काय दाखवावं? शाळेतली एक ओळ, बस."

मग त्या माणसाने तीन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या घालवल्या. बेचाळीस शाळांची रजिस्टरं मागवली आणि स्वतः स्कॅन केली. पानावरची माती झटकायला घरून दाढीचा ब्रश आणला होता. पान ठेवायचे, वरचं नाव मोठ्याने वाचायचे आणि मग बटण दाबायचे. मी पलीकडेच होतो, मला ती नावं ऐकू यायची. किसन, तुळसा, डोमाजी, गंगाराम. मी परीक्षेच्या गुणपत्रिका पोसणारा रुक्ष प्राणी, पण त्या नावांचा मला लळा लागला.

तिसऱ्या उन्हाळ्यात त्या पानांची सर्व्हरवरची मूळ जागा भरली. अश्विन म्हणाला, "काका, 'जुनी परीक्षा' रिकामीच पडून आहे, तिथं सरकवून देतो." त्याने सगळी पानं माझ्या त्या कप्प्यात आणून टाकली. मूळ जागी काय ठेवलं? चिठ्ठ्या! प्रत्येक फायलीच्या नावाची एक चिठ्ठी, 'माल अमुक कप्प्यात आहे'. मशीनला अशी चिठ्ठी दिसली की ते गुपचूप माझ्याकडे येतं आणि पान उघडून देतं. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. तुमच्या स्वयंपाकघरात नसतो का, डब्यावर 'साबुदाणा' आणि आत हळद? घरच्या बाईला ठाऊक असतं म्हणून चालून जातं. पण घरची बाई बदलली तर?

"लिहून ठेव रे कुठं तरी," शेषराव म्हणाले होते.

"उद्या लिहितो," अश्विन म्हणाला. त्याचा तो उद्या कधी उगवलाच नाही. पुढच्या दिवाळीत त्याला पुण्यात नोकरी लागली आणि पेढे वाटून तो निघून गेला. पेढ्याचा चुराही माझ्या खोलीतच सांडला होता. दोन वर्षांनी शेषरावही रिटायर झाले.

मग किशोर आला. त्याच्याबद्दल वाईट बोलायचं माझ्या जिवावर येतं, हीच तर खरी कटकट आहे. आळशी असता तर मनसोक्त शिव्या दिल्या असत्या. पण पोरगा नीटनेटका. आला त्याच दिवशी त्याने माझ्या खोलीतले डबे बंद केले. पंख्यातलं साल त्यानेच काढलं. त्याच्या मनात कामाची रीत पक्की होती, आणि त्याच रीतीने मला संपवलं.

यंदा नवा सर्व्हर आला. सचिवसाहेबांनी हुकूम सोडला, "जुनं काढून टाका, डिस्का कामी लावा." किशोर मे महिन्यात कामाला बसला.

आता मला काढायची एक पद्धत असते. रागारागाने का होईना, सांगतो, कारण तुमच्यापैकी कुणी तरी उद्या हेच काम करणार आहे. आधी कप्पा कोण वापरतंय ते बघायचं. मालाची दुसरीकडे नक्कल करायची. मग कप्पा वापरातून उतरवायचा. मशीन सुरू होताना कोणते कप्पे लावायचे याची एक यादी असते, तिच्यातून त्याचं नाव खोडायचं, नाही तर पुढल्या वेळी मशीन त्याला शोधत अडून बसतं. मग कप्पा काढायचा, कोठार झोपवायचं, शेवटी कोठाराचं नावच मिटवायचं. क्रम चुकला तर गडबड.

किशोरचा क्रम कुठेच चुकला नाही. कोण वापरतंय? त्याने विचारलं, मशीन म्हणालं, कुणीच नाही. अरे, मे महिन्यात कोण वापरणार? पडताळणीची धांदल जून-जुलैत, पोरांचे प्रवेश सुरू झाल्यावर असते. उन्हाळ्यात विहिरीवर कुणी पोहत नाही म्हणून विहीर बुजवायची का?

नक्कल केली? केली. रजिस्टरच्या मूळ फोल्डरची नवीन सर्व्हरवर नक्कल केली. नावं मोजली, इकडे जितकी तितकीच तिकडे. पण त्याने नेल्या त्या चिठ्ठ्या होत्या! माल माझ्याच पोटात राहिला. एक, फक्त एक फाइल त्याने नव्या सर्व्हरवर उघडून बघितली असती तर तिथल्या तिथे कळलं असतं. आकडा जुळला की माणसाचं समाधान होतं, हे मी आयुष्यभर बघत आलोय.

मग तो माझ्याकडे वळला; निकाल आणि प्रश्नपत्रिका त्याने आधीच नव्या सर्व्हरवर नेल्या होत्या. 'जुनी परीक्षा'. नाव वाचलं आणि स्वतःशीच म्हणाला, "हे तं दहा वर्षं जुने पेपर. कोनाले पाह्यजेत?" तरी त्याने ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, कुणाला लागते का म्हणून. कुणीच उत्तर दिलं नाही. शेषरावांना रिटायर झाल्यावर ग्रुपमधून केव्हाच काढलेलं होतं.

कप्पा उतरवला. नाव खोडलं. मशीनने इमानदारीने विचारलं, खरंच काढू का, हो की नाही? मी जिवाच्या आकांताने म्हणत होतो, नाही म्हण रे बाप्पा, नाही म्हण! पण मला तोंड कुठे आहे? त्याने 'हो' दाबलं. तीनही कप्पे गेले, मग मीही गेलो. चौदा वर्षांचा संसार, आणि काढायला चौदा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

तुम्ही म्हणाल, गेलास तर बोलतोयस कसा? इथेच तर गंमत आहे. मला काढलं म्हणजे माझी पाटी उखडली आणि कोणता माल कुठे आहे तो नकाशा फाडला. माल जागच्या जागी असतो. त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जात नाही तोवर तो जिवंत असतो. माझ्या दोन डिस्का किशोरने टेबलाच्या खणात टाकल्या. तिसरी सचिवसाहेबांनी नांदगाव खंडेश्वरच्या आपल्या शाळेत पाठवली, तिथल्या सीसीटीव्हीच्या डब्यात बसवायला. ऐकलंत ना? कॅमेऱ्याच्या डब्यात. जो दिवसरात्र लिहीतच असतो.

जुलै आला. एका गुरुवारी सकाळी कार्यालयात एक म्हातारी आणि एक मुलगी आल्या. मी खणात होतो, पण खण नीट लागत नव्हता, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. म्हातारीचं नाव सुंदराबाई, मुलगी तिची नात पौर्णिमा. अमरावतीहून पहाटेच्या गाडीने आल्या होत्या. पौर्णिमाचा पशुवैद्यकीला नंबर लागला होता. प्रवेश मिळाला होता, पण कच्चा. पडताळणी समितीने पन्नासच्या आधीचा पुरावा मागितला होता आणि तो शनिवारी संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. नाही दिला तर जागा गेली.

"माह्या सासऱ्याचं नाव आहे शाळेत," सुंदराबाई म्हणाल्या. "डोमाजी. गावच्या मास्तरनं सांगतलं, रजिस्टर वाळवीनं खाल्लं, पन फोटू अकोल्याले आहे म्हून."

"आहे नं आजी, बसा," किशोर म्हणाला. त्याने नव्या सर्व्हरवर फोल्डर उघडलं. गावाचं नाव दिसलं, वर्ष दिसलं. त्याने फाइलवर बोट दाबलं. काही उघडलं नाही. पुन्हा दाबलं. दुसरी फाइल, तिसरी, दहावी. सगळी नावं जागेवर आणि आत काहीच नाही.

त्याला चिठ्ठी समजायला फार वेळ लागला नाही. चिठ्ठीवर माझा पत्ता होता. तो मोठ्याने वाचला त्याने, 'जुनी परीक्षा'.

"काय झालं, भाऊ?" पौर्णिमाने विचारलं.

"मी काढून टाकलं ते," किशोर म्हणाला. थाप मारली नाही, मशीनवर ढकललं नाही. हे त्याच्या बाजूने लिहून घ्या.

सुंदराबाईंचा आवाज चढला. "काढून टाकलं म्हंजे? कोनाले इचारून काढलं? जे जातीचं नाव आमच्या सासऱ्यानं छप्पनमंदी दीक्षा घेऊन स्वताच्या हातानं टाकून देल्लं, तेच आता कागदावर आना म्हन्ते. बरं म्हनलं, पोरीसाठी तेही मांगाले आलो. आन तू म्हन्तं काढून टाकलं!"

उत्तर माझ्याकडे होतं, पण खणातून कोण ऐकतो? अरे, मी इथेच आहे, तुझ्या गुडघ्याजवळ!

त्याने शेषरावांना फोन केला. शेषराव अर्ध्या तासात सायकलवर हजर झाले, घाम पुसत. सगळं ऐकून घेतलं आणि किशोरला म्हणाले, "तीन उन्हाळे, किशोर. तीन उन्हाळे मी घरच्या लग्नालेही गेलो नाई." मग लगेच म्हणाले, "बरं, रडून झालं. आता वापस कसं येते ते सांग."

"काका, मशीन कोनताही बदल करायच्या आधी जुना नकाशा आपल्याजवळ लिहून ठेवते. जुना सर्व्हर टेबलाखाली आहे, त्याच्यात तो असन. नकाशा परत लावला तं माल सापडते. पन तीनही डिस्का पाह्यजेत. आन कोनी त्याच्यावर लिहिलं नसन तं."

"तिसरी कुठं आहे?"

किशोरने सांगितलं. शेषरावांनी कपाळाला हात लावला.

नांदगावला फोन लावला. मुख्याध्यापक म्हणाले, डबा जूनभर पडूनच होता, जोडणारा माणूस रोज उद्या येतो म्हणायचा. सोमवारी आला आणि बसवून गेला. आज गुरुवार. म्हणजे चार दिवस कॅमेरे माझ्या तिसऱ्या डिस्कच्या, म्हणजे आमच्यातल्या तिसऱ्या भावाच्या पाठीवर लिहीत होते. हो, तो माणूस आणखी चार दिवस उशिरा आला असता तर! आयुष्यभर या लोकांच्या 'उद्या येतो'ला शिव्या दिल्या मी, आणि नेमका त्याच वेळी माणूस उगवला.

"सर, आत्ताच्या आत्ता प्लग काढा त्याचा," किशोर म्हणाला.

"असं कसं काढता येईन?" मुख्याध्यापक म्हणाले. "कॅमेरे चालू ठेवा म्हून वरून आदेश आहे. तुमी पत्र पाठवा. सचिवसाहेबायच्या सहीचं."

"सर, पत्र येतेच, पन तवरोक बंद तं करा!"

"मंग जिम्मेदारी कोनाची?"

ऐकलंत? एकेका मिनिटाला माझ्या पोटातली पानं पुसली जात होती, डोमाजी जिवंत आहे की गेला ते कुणाला माहीत नव्हतं, आणि तिकडे जिम्मेदारी शोधणं चाललं होतं. सचिवसाहेब मीटिंगला वाशिमला गेलेले, फोन बंद. मला वाटलं, खणातून उडी मारून त्या फोनच्या वायरीला चावावं.

शेषरावांनी फोन हिसकून घेतला. "गुरुजी, मी शेषराव. वळखलं नं? तुमचं स्वताचं नाव बी त्या रजिस्टरात आहे. चौथीत कोनत्या साली पास झाले, सांगू का सगळ्यायले? प्लग काढा. जिम्मेदारी माही. रिटायर मानसाचं कोन काय उपटते?"

पलीकडे वायर ओढल्याचा आवाज आला. मग मुख्याध्यापक म्हणाले, "काढला."

किशोर तिथूनच निघाला. मोटरसायकलवर मूर्तिजापूर, बडनेरा करत नांदगावला गेला आणि शुक्रवारी सकाळी डिस्क टॉवेलात गुंडाळून घेऊन आला. सुंदराबाई आणि पौर्णिमा अमरावतीला परत गेल्याच नाहीत. शेषरावांनी त्यांना आपल्या घरी जुन्या शहरात नेलं. सुंदराबाई म्हणे तिथेही स्वयंपाकघरात शिरून किशोरच्या नावाने बोटं मोडत भाकरी थापत होत्या.

शुक्रवारी आम्ही तिघे डिस्क-भाऊ पुन्हा एका मशीनमध्ये बसलो. तिसरा भाऊ थकलेला होता. म्हणाला, "माह्या डोक्याकडचा भाग पुरा गेला. सोमवारपासून शाळेचा व्हरांडा लिहून राह्यले त्याच्यावर. व्हरांड्यात एक कुत्रं झोपते. तेच लिहिलं, दिवसभर."

किशोरने जुना नकाशा शोधला. प्रत्येक ओळीवर थांबायचा, पुन्हा वाचायचा, मगच दाबायचा. आधी तिन्ही डिस्कांची जशीच्या तशी नक्कल काढली आणि त्या नकलेवर नकाशा लावून बघितला. असं मे महिन्यात केलं असतंस तर, लेका! असो. दुपारी तीनच्या सुमारास माझं नाव पडद्यावर पुन्हा उमटलं. 'परीक्षा'. तेच चुकीचं नाव, पण ते बघून मला भरून आलं.

'जुनी परीक्षा' उघडला. काही फायली उघडल्या, काही नाही. सगळे खुर्च्या ओढून पडद्याला चिकटले होते. किशोरने गाव शोधलं, वर्ष शोधलं, आणि बोट दाबलं.

पान उघडलं.

पिवळं पडलेलं, कडेला वाळवीने कुरतडलेलं. मधल्या ओळीवर निळ्या शाईत 'डोमाजी'. पुढे बापाचं नाव, गाव, जन्मतारीख. जातीच्या रकान्यात त्या काळचा शब्द. शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचं कारण होतं. पौर्णिमाने ते मोठ्याने वाचलं, "गुरे राखण्यास जातो, सबब नाव कमी."

सुंदराबाई म्हणाल्या, "ढोरं राखाले शाळंतून काढलं आन त्याची पनती ढोराची डाक्टर होऊन राह्यली. पाह्य बाप्पा." एवढं बोलून त्यांनी पदर डोळ्यांना लावला. पौर्णिमा हसत होती आणि रडतही होती. किशोरही भिंतीकडे तोंड करून उभा होता.

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. माझा जीव भांड्यात पडला. त्या वेळी वाटलं की झालं, इथेच संपवावी ही कहाणी आणि किशोरला माफ करून टाकावं.

शनिवारी सकाळी शेषरावांनी सगळी यादी तपासली. बेचाळीसपैकी एकतीस शाळांची पानं उघडली. अकरांची नाही. त्या अकरा गावांची नावं त्यांनी एका कोऱ्या कागदावर लिहिली आणि तो कागद शर्टाच्या खिशात ठेवला. बचावलेली सगळी पानं किशोरने नव्या सर्व्हरवर नेली, या वेळी चिठ्ठ्या नाही, खरी पानं. एकेक फाइल उघडून पाहिली. मग कोणता माल कुठे आहे ते वहीत लिहिलं, आणि दारावर ठळक अक्षरांत चिकटवलंसुद्धा.

पौर्णिमाच्या नक्कलप्रतीवर शिक्का मारला. ती अकराच्या गाडीने निघणार होती, प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरलेली. सुंदराबाईंनी जाता जाता किशोरच्या डोक्यावर हात ठेवला. "बरा आहेस तू," म्हणाल्या, "पन पाहून काम करत जाय."

त्या जिना उतरत होत्या आणि एक माणूस जिना चढत होता. साठीचा, पांढरा शर्ट, पायात धुळीने भरलेल्या चपला. पुंजाराम नाव त्याचं. पोराला नोकरीचा हुकूम आला होता, पडताळणी अडली होती.

"साहेब," तो म्हणाला, "माह्या बापाची नोंद पाह्यजे होती. रजिस्टर खराब झालं, पन तुमच्याकडं फोटू आहेत म्हन्ते." आणि त्याने गावाचं नाव सांगितलं.

किशोरने शेषरावांकडे बघितलं. शेषरावांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. ते गाव त्या अकरात होतं.

"बसा दादा," किशोर म्हणाला. "पानी घ्या."

पुंजाराम बसला. पाणी प्यायला. आणि त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढून गुडघ्यावर सरळ केला. त्याच्यावर बापाचं पूर्ण नाव लिहिलेलं होतं, चुकू नये म्हणून.

ते नाव शेषरावांनी एकदा माझ्यासमोर मोठ्याने वाचलं होतं, पानावरची माती झटकून. मला आठवतंय. पण माझ्या आठवणीची नक्कलप्रत निघत नाही, तिच्यावर शिक्का बसत नाही. जिथे तो माणूस होता तिथे आता नांदगावच्या व्हरांड्यात झोपलेलं एक कुत्रं आहे.

मी अजून त्या टेबलाखालच्या मशीनमध्ये आहे. किशोर म्हणतो, या वेळी एक पूर्ण वर्ष जाऊ देतो, पुढचा जुलै पार पडला की मगच मला काढतो. काढ बाबा. मला कायमचं राहायची हौस नाही, म्हातारा झालोय, पंखा करकरतो. रिकाम्या कोठाराने जागा अडवू नये, हे मलाही कळतं.

पण कुणालाही काढताना एवढं करा राजेहो. वर लिहिलेलं नाव वाचू नका, झाकण उघडून आत बघा. आणि ज्याला विचारायला हवं तो ग्रुपमध्ये नसेल, तर त्याच्या घरी जाऊन विचारा.

पुंजाराम अजून बसलेला आहे. त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.